सोलापूरचं ऊन कोर्टात मांडायचं तर

“हवामान बदलामुळे आमच्या जगण्याच्या हक्कावर गदा आली आहे.” हे वाक्य खरं आहे. पण याचिकेत एवढंच लिहून थांबलं, तर कोर्ट लगेच दोन प्रश्न विचारतं: नेमकं कुणी काय करायचं राहिलंय, आणि आम्ही आदेश काय द्यायचा? या विषयावरचे जे दावे जगात टिकले, त्यांत या दोन प्रश्नांची उत्तरं पहिल्या काही पानांतच सापडतात. जे पडले, त्यांतल्या बऱ्याच दाव्यांत ती शेवटपर्यंत सापडत नाहीत.

एखाद्या अधिकाऱ्याच्या हातून पृथ्वीचं तापमान कमी होणार नाही. पण यंत्रमागाच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी दोनला काम करणाऱ्या माणसासाठी काय करायचं, हे कायद्यात, नियमात किंवा आराखड्यात कुठेतरी लिहिलेलं असतं. ते न करणं हा हक्कभंग आहे, हे सिद्ध करता येतं. पुढचं सगळं याच एका धाग्यावर उभं आहे.

हक्क कुठून आला

घटनेच्या अनुच्छेद 21 मध्ये पर्यावरण हा शब्द नाही. तिथे फक्त जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आहे. स्वच्छ पाणी आणि हवा हा त्याच हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात म्हटलं. आजही जवळपास प्रत्येक पर्यावरण याचिकेत या निकालाचा दाखला असतो. पण ती याचिका स्वतः मात्र फेटाळली गेली होती, कारण याचिकाकर्त्याचा वैयक्तिक राग त्यामागे आहे असं कोर्टाला दिसलं. जनहित याचिकेत हेतू स्वच्छ दिसावा लागतो, हा धडा त्याच निकालात आहे.

हवामान बदलाचं नाव घेऊन हक्क मान्य झाला तो 21 मार्च 2024 रोजी, एम. के. रणजितसिंह विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात. हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क अनुच्छेद 14 आणि 21 मधून निघतो, असं कोर्टाने म्हटलं. समानतेचा अनुच्छेद 14 इथे आला, कारण तोच उन्हाळा सगळ्यांना सारखा लागत नाही. सिमेंटच्या छताखाली कूलर लावून बसलेल्याला आणि पत्र्याखाली विड्या वळणाऱ्या बाईला एकाच दिवसाची किंमत वेगवेगळी मोजावी लागते.

या निकालाशी सोलापूरकरांचं एक वेगळंच नातं आहे. खटला माळढोकाचा होता, नान्नजच्या माळावरच्या आपल्या माळढोकाचाच जातभाई. राजस्थान आणि गुजरातमध्ये वीजवाहिन्यांना धडकून हे पक्षी मरतात, म्हणून 2021 साली कोर्टाने सुमारे 99 हजार चौरस किलोमीटर टापूत वाहिन्यांवर निर्बंध आणले होते आणि त्या जमिनीखालून नेण्याचे आदेश दिले होते. सौरऊर्जेचे प्रकल्प अडतील आणि हवामानाबाबत दिलेला शब्द पाळता येणार नाही, अशी बाजू सरकारने मांडली. 2024 मध्ये कोर्टाने तो सरसकट आदेश मागे घेतला आणि प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला. म्हणजे हवामानाचा हक्क लिहिला गेला तो सरकारची अडचण दूर करताना, आणि पक्ष्याच्या संरक्षणाला कात्री लावताना. म्हणून या निकालाचा दाखला देताना जपून द्यावा. हक्काचं तत्त्व त्यात ठामपणे आहे, पण तो हक्क कुणी कसा अंमलात आणायचा याचा ठोस आदेश त्यात नाही. तो आदेश तुम्हाला तुमच्या याचिकेतून मिळवायचा आहे.

कोण जिंकलं, कशाच्या जोरावर

नेदरलँड्समधल्या अर्जेंडा संस्थेच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 2019 रोजी सरकारला बजावलं, की 1990 च्या तुलनेत 2020 अखेर उत्सर्जन किमान 25 टक्के कमी केलंच पाहिजे. हा आकडा कोर्टाने मनाने काढला नव्हता. विकसित देशांसाठी 25 ते 40 टक्के ही कपात आयपीसीसीच्या (हवामान बदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रज्ञ-मंडळाच्या) अहवालात होती आणि डच सरकारने त्या अहवालांचा पाया मान्य केलेला होता. संस्थेने सरकारचाच कागद सरकारपुढे ठेवला.

स्वित्झर्लंडमध्ये उष्णतेच्या लाटांचा त्रास घेऊन ज्येष्ठ स्त्रिया युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेल्या. 9 एप्रिल 2024 रोजी त्या जिंकल्या. पण चार बायकांनी वैयक्तिकरीत्या केलेले अर्ज कोर्टाने ग्राह्य धरले नाहीत. ग्राह्य धरला तो दोन हजारांहून अधिक सभासद असलेल्या त्यांच्या संघटनेचा. त्याच दिवशी पोर्तुगालमधल्या तरुणांचा दावा दारातच अडला, कारण त्यांनी आपल्या देशातल्या कोर्टाची पायरी न चढता थेट वरचं दार ठोठावलं होतं.

आपल्याला सर्वात जवळचा आहे तो लाहोर उच्च न्यायालयाचा 2015 सालचा असगर लेघारी निकाल. याचिकाकर्ता शेतकरी. सरकारने 2012 साली हवामान धोरण आणि 2014 साली त्याचा अंमलबजावणी आराखडा केला, आणि पुढे काहीच हललं नाही, एवढीच त्याची तक्रार. कोर्टाने प्रत्येक खात्याला जबाबदार अधिकारी नेमायला लावला, आयोग बसवला आणि काम होतंय का हे पुढची काही वर्षं तपासलं. नवं धोरण मागितलंच नव्हतं; होतं ते पाळा, इतकंच.

याउलट, भारतात 2017 मध्ये नऊ वर्षांच्या एका मुलीच्या नावे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात केलेला व्यापक अर्ज जानेवारी 2019 मध्ये निकाली निघाला. पर्यावरणीय परिणामांचं मूल्यांकन करताना हवामानाचा विचार होतोच, अशा अर्थाचं उत्तर देऊन प्रकरण बंद झालं. अर्जातली चिंता खरी होती, पण मागणी इतकी पसरट होती की तिला अशा एका सर्वसाधारण वाक्याने उत्तर देता आलं. खाजगी कंपनीला जबाबदार धरणं तर आणखी अवघड. पेरूमधल्या शेतकऱ्याने आरडब्ल्यूई या जर्मन वीज कंपनीवर केलेला दावा दहा वर्षं चालला आणि मे 2025 मध्ये फेटाळला गेला, कारण त्याच्या घराला असलेला पुराचा धोका पुरेसा मोठा असल्याचं सिद्ध झालं नाही. मोठे उत्सर्जक तत्त्वतः जबाबदार ठरू शकतात, हे मात्र त्या कोर्टाने मान्य केलं.

उन्हाचा दावा: कर्तव्य कुठे लिहिलंय

सोलापुरात एप्रिल-मेमधलं सरासरी कमाल तापमानच 40 अंशांच्या आसपास असतं. हवामान खात्याच्या निकषाप्रमाणे मैदानी भागात उष्णतेची लाट धरायची, तर पारा किमान 40 असावा लागतो आणि तो सरासरीपेक्षा किमान 4.5 अंश वर असावा लागतो, किंवा थेट 45 ला टेकावा लागतो. शिवाय एका हवामान उपविभागातल्या निदान दोन केंद्रांवर हे सलग दोन दिवस दिसावं लागतं. मग गणित करून बघा: 43 अंशांचा दिवस सोलापुरात कागदोपत्री ‘लाट’ ठरतच नाही. शेडमधला माणूस मात्र त्याच दिवशी कोसळतो. सूत तुटू नये म्हणून मागाच्या शेडमध्ये हवा दमट ठेवली जाते, आणि दमट हवेत घाम सुकत नाही. विडी वळताना तंबाखू उडतो म्हणून पंखा बंद असतो. याचिकेचा खरा मुद्दा इथे आहे: धोक्याची पातळी स्थानिक परिस्थिती आणि स्थानिक मृत्यूंच्या नोंदी पाहून ठरवायला हवी. अहमदाबादने 2013 साली हेच केलं होतं.

आता कर्तव्य. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 प्रमाणे जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. कलम 31 प्रमाणे जिल्ह्याचा आराखडा करणं आणि तो दरवर्षी तपासून अद्ययावत ठेवणं बंधनकारक आहे. कलम 41 मध्ये महापालिकेसारख्या स्थानिक संस्थांची कामं सांगितली आहेत. कारखान्याच्या आतल्या हवेबद्दल 1948 च्या कारखाना कायद्याच्या तेराव्या कलमात तरतूद होती, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितेतही हवा, तापमान आणि दमटपणा यांचा विषय आहे. पण विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी आता किमान 20 कामगारांची अट आहे, त्यामुळे लहान शेड ‘कारखाना’ या व्याख्येतून निसटतं. म्हणून सोलापुरात फक्त कामगार कायद्यावर विसंबलेली याचिका लंगडी पडते. मुख्य आधार आपत्ती व्यवस्थापन कायद्याचाच ठेवा.

पैशाचा प्रश्नही इथेच येतो. 2021 ते 2026 या काळासाठी राज्य आपत्ती प्रतिसाद निधीची जी केंद्रीय यादी होती, तिच्यात दुष्काळ, पूर, गारपीट, इतकंच काय थंडीची लाटही होती. उष्णतेची लाट नव्हती. राज्याला स्वतःची आपत्ती ठरवून निधीच्या 10 टक्क्यांपर्यंत रक्कम वापरता येते. यादीतल्या आपत्तीत मृत्यू झाला तर वारसांना 4 लाख रुपये मिळण्याचा नियम आहे. उष्माघाताने गेलेल्याच्या घरच्यांना ते का नाहीत, हा अनुच्छेद 14 चा सरळ प्रश्न आहे. राजस्थान उच्च न्यायालयाने मे 2024 मध्ये उष्म्याच्या मृत्यूंची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा हाच विषय ऐरणीवर आला होता.

“निधी नाही” हे उत्तर येणार, हे धरूनच चाला. त्याला 1980 चा रतलाम नगरपालिकेचा निकाल पुरेसा आहे: कायद्याने लादलेलं मूलभूत काम पैसे नाहीत म्हणून टाळता येत नाही. दुसरा दाखला जून 2021 चा, गौरव कुमार बन्सल प्रकरणाचा. कोविडने गेलेल्यांच्या वारसांना मदत देण्याबाबत मार्गदर्शक सूचना करणं आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम 12 नुसार बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. रक्कम किती हे मात्र राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणावर सोडलं. मग 50 हजार रुपये ठरले. कोर्ट आकडा ठरवायला कचरतं, पण ठरवायला भाग पाडतं. मागणीही त्याच मापाची करावी.

पुरावा जमवताना

उच्च न्यायालयात रिट याचिका शपथपत्रांवर चालते. साक्षीदार उभे करून उलटतपासणी होत नाही. दोन्ही बाजू वेगवेगळी वस्तुस्थिती सांगू लागल्या, की “हा वादाचा मुद्दा आहे, दिवाणी न्यायालयात जा” असं ऐकावं लागतं. म्हणून ज्यावर वाद घालता येणार नाही असा कागद हवा, म्हणजे सरकारी दप्तरातलाच.

माहिती अधिकाराचा अर्ज ‘जोडपत्र अ’ मध्ये, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे. हे विसरल्यामुळेच कितीतरी अर्ज परत येतात. “उपाययोजना का केल्या नाहीत?” असं विचारू नका, ‘का’ला उत्तर देणं माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही, कागद देणं बंधनकारक आहे. मजकूर असा असावा:

“विषय: उष्णतेबाबतचा कृती आराखडा. कालावधी: मागील तीन वर्षे, 1 मार्च ते 30 जून. (1) लागू असलेल्या आराखड्याची व त्यातील सुधारणांची साक्षांकित प्रत. (2) नोडल अधिकारी नेमल्याच्या आदेशाची प्रत. (3) या कामासाठी मंजूर व खर्च झालेली रक्कम, वर्षनिहाय. (4) उष्माघाताचे संशयित व निश्चित रुग्ण व मृत्यू यांच्या नोंदी, नावे वगळून. (5) इशारा दिलेल्या तारखा व त्या दिवशीच्या कार्यवाहीची नोंद.”

उत्तराची मुदत 30 दिवस. नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, ‘जोडपत्र ब’ मध्ये. “अशी माहिती उपलब्ध नाही” असं लेखी उत्तर आलं तर नाराज होऊ नका. आराखडा नाही, याचा त्याहून चांगला पुरावा मिळणार नाही.

शेडमधलं तापमान स्वतः नोंदवायचं असेल तर तापमापक मागाजवळ, छातीच्या उंचीवर, सावलीत टांगा. पत्र्याला किंवा भिंतीला टेकवलेला तापमापक पत्र्याचं तापमान सांगतो, हवेचं नाही, आणि सरकारी वकील पहिला वार तिथेच करतात. शेजारी दुसरा तापमापक ठेवून त्याचा फुगा ओल्या मलमलीने गुंडाळा. दोन आकड्यांतलं अंतर जितकं कमी, तितका घाम सुकणं अवघड. सकाळी आठ, दुपारी दोन आणि पाच अशा ठरलेल्या वेळी, निदान एक महिना, शाईने बांधीव वहीत नोंद करा. रोज दोघांच्या सह्या घ्या. मोबाइलचे फोटो दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणून मूळ फोन विकू नका, फोटो व्हॉट्सॲपवरून फिरवून मूळ प्रत पुसू नका.

सर्वात जास्त पुरावा हरवतो तो दवाखान्यात. उष्माघातात शरीराचं आतलं तापमान 40 अंशांवर जातं आणि माणूस भ्रमात किंवा बेशुद्धीत जातो. उपचार सुरू होताच तापमान उतरतं, उतरायलाच हवं. पण आल्याबरोबर ते केसपेपरवर लिहिलं गेलं नाही, तर नंतर मृत्यूच्या दाखल्यावर फक्त ‘हृदयक्रिया बंद पडून’ उरतं. सोबत गेलेल्याने तीन गोष्टी लिहून घ्यायला सांगाव्यात: आल्यावेळचं तापमान, कोसळल्याची वेळ, आणि काम करण्याची जागा. मृत्यू झाला तर शवविच्छेदनाचा आग्रह धरावा. त्या घडीला घरच्यांना हे सांगणं जड जातं, तरी कुणीतरी सांगितलंच पाहिजे. वैद्यकीय कागदपत्रं मागितल्यावर 72 तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

सीनाकाठच्या शेतकऱ्यांची वाट त्यामानाने सोपी. सप्टेंबर 2025 च्या महापुरासारखी आपत्ती निधीच्या यादीत आहेच, त्यामुळे भांडण राहतं ते पंचनाम्याचं. पंचनाम्याची प्रत तेव्हाच मागा, नाव किंवा गट क्रमांक चुकला असेल तर लेखी हरकत द्या, आणि पाणी ओसरण्याआधीचे तारीखवार फोटो ठेवा.

कुठल्या दारात

कोर्टाआधी निवेदन. ते जिल्हाधिकारी आणि महापालिका आयुक्त दोघांनाही द्या, आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. परमादेश (सरकारी यंत्रणेला तिचं कर्तव्य करायला लावणारा कोर्टाचा आदेश) मागायचा तर “आम्ही मागणी केली होती, तुम्ही नाकारलीत किंवा गप्प बसलात” हे दाखवावं लागतं.

सोलापूरकरांसाठी उच्च न्यायालय आता जवळ आलं आहे. ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालं आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आहे. अनुच्छेद 226 खालची जनहित याचिका तिथे करता येते. याचिकाकर्ता कोण, त्याचा स्वतःचा काही फायदा आहे का, खर्च कोण करतो, हे शपथपत्रावर सांगावं लागतं. कामकाज इंग्रजीत असल्याने मराठी कागदांच्या भाषांतराचा खर्च आधीच धरा. याचिका शक्यतो नोंदणीकृत कामगार संघटनेच्या किंवा संस्थेच्या नावे करा. एकट्या कामगारावर मालकाचा दबाव आला की तो माघार घेतो आणि प्रकरण तिथेच संपतं.

हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. नुकसानभरपाई नको असेल तर शुल्क 1,000 रुपये. पण तिथे फक्त ठरावीक सात कायद्यांखालचे वाद चालतात: पाणी, हवा, वन संवर्धन, पर्यावरण संरक्षण, जैवविविधता वगैरे. आपत्ती व्यवस्थापन कायदा त्या यादीत नाही, वन्यजीव कायदाही नाही. कारखान्याचा धूर, राख, सांडपाणी, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातल्या अटींचा भंग असेल तर पुणे. उन्हाच्या आराखड्यासाठी कोल्हापूर. पुण्याची मुदत फार कडक आहे. वादाचं कारण प्रथम घडल्यापासून सहा महिने, आणि योग्य कारण दाखवलं तर जास्तीत जास्त 60 दिवस आणखी. माहिती अधिकार, अपील, निवेदन असं करत बसलं तर ही मुदत हातातून जाते. भरपाईच्या अर्जाला मात्र पाच वर्षं आहेत.

राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रारीला शुल्क लागत नाही, घटना एका वर्षातली हवी. आयोग शिफारस करतो, बंधनकारक आदेश देत नाही. एका मृत्यूची चौकशी हवी असेल तर हा मार्ग उपयोगी. संपूर्ण शहरासाठी धोरण हवं असेल तर अपुरा.

वकिलाच्या फीची चिंता बहुतेकांना असते. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो. त्याच कलमात पूर आणि दुष्काळाचे बळी असे शब्दही आहेत. म्हणजे विडी कामगार बाई आणि सीनाकाठचा पूरग्रस्त दोघांचाही तो हक्क आहे. जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, किंवा 15100 वर फोन करा.

मागणी कशी लिहायची

“प्रतिवादींनी हवामान बदल रोखावा” ही मागणी मान्य झाली तरी तिचा उपयोग नाही, कारण ती पाळली की मोडली हे कधीच ठरवता येणार नाही. त्याऐवजी: “प्रतिवादी क्र. 2 यांनी आठ आठवड्यांत सोलापूर शहरासाठी स्थानिक तापमान-मर्यादा ठरवून सुधारित उष्णता आराखडा मंजूर करावा. त्यात यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या वस्त्यांसाठी पिण्याचे पाणी, सावलीची विश्रांतीची जागा आणि दुपारच्या कामाच्या वेळांबाबत तरतूद करावी. तो मराठी, तेलुगू व कन्नडमध्ये प्रसिद्ध करावा. आणि दर चार आठवड्यांनी पूर्ततेचे शपथपत्र दाखल करावे.” कुणी, काय, कधीपर्यंत, आणि झालं की नाही हे कळणार कसं, ही चारही उत्तरं त्यात आहेत. पूर्व भागात तेलुगू बोलणारे विणकर पिढ्यान्‌पिढ्या राहतात. फक्त मराठी फलकावरचा इशारा त्यांतल्या अनेकांपर्यंत पोचत नाही.

शेवटचं कलम, दर चार आठवड्यांच्या शपथपत्राचं, कधीही गाळू नका. स्वराज अभियान प्रकरणात 11 मे 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळाच्या संदर्भात राष्ट्रीय आपत्ती उपशमन निधी तीन महिन्यांत उभारायला सांगितला होता. तो उभा राहिला 2021 साली. म्हणून याचिका निकाली काढण्याऐवजी कोर्टाने ती आपल्या देखरेखीखाली चालू ठेवावी, अशी विनंती वकिलाला करायला सांगा. आणि निकालातली प्रत्येक मुदत दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहून ठेवा, कारण आदेश मोडल्यापासून एका वर्षाच्या आत अवमान अर्ज केला नाही, तर तो दरवाजाही बंद होतो.